सुकियाकी वेस्टर्न जँगो: इंग्रजी संवादांनी सिनेमा घडला की बिघडला?

तिसरी घंटा
जपानी दिग्दर्शक ताकाशी मीकेचा २००७चा 'सुकियाकी वेस्टर्न जँगो' म्हणजे फसलेला प्रयोग, असं बरेच जण म्हणतात. मला तो फार विचार करून केलेला सिनेमा वाटतो. आणि तो ज्यावरून झोडपला जातो ते इंग्रजी संवाद हेच त्याचं बलस्थान आहे.

गोष्ट अशी: एक उजाड गाव, लपवलेलं सोनं, त्यासाठी तळ ठोकून बसलेल्या दोन टोळ्या. लाल हेइके, पांढरे गेंजी. एक अनामिक बंदूकबाज येतो आणि दोघेही त्याला आपल्याकडे ओढू पाहतात. साचा जपानी दिग्दर्शक कुरोसावाच्या 'योजिम्बो'चा (१९६१). इटालियन दिग्दर्शक लिओनेने त्यावरूनच १९६४ साली, परवानगी न घेता, 'अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स' केला. 'योजिम्बो' बनवणाऱ्या तोहो कंपनीने दावा लावला आणि तडजोडीत कुरोसावाला जगभरच्या कमाईत १५ टक्के वाटा मिळाला. जपानमधून इटलीला गेलेली ही गोष्ट मीके परत आणतो आणि तिच्यात ११८५च्या दान-नो-उराच्या लढाईत निकाल लागलेलं हेइके आणि गेंजी या दोन जपानी घराण्यांचं वैर ओततो.

त्याचे जपानी नट उच्चार घोकून इंग्रजी बोलतात. इटालियन वेस्टर्नमध्येही, म्हणजे इटलीवाल्यांच्या काउबॉयपटांतही, हेच होतं ना? एक नट इंग्रजीत बोलतोय, समोरचा इटालियनमध्ये, तिसरा स्पॅनिशमध्ये, आणि आवाज सगळे नंतर स्टुडिओत चढवलेले. ओठ आणि शब्द यांतली ती फट मीकेने बरोबर पकडली आहे.

जुना प्रोजेक्टर
अजिबात पटलं नाही. सेटवर जो तो आपापल्या भाषेत बोलायचा, म्हणून तर त्या नटांचे चेहरे मोकळे असायचे. इथे उलट आहे. कोइची सातो, तेरुयुकी कागावा हे किती ताकदीचे नट! कागावाचा शेरीफ दोन टोळ्यांमध्ये इतका पिळला गेलाय की तो स्वतःशीच भांडतो. ही भूमिका त्याच्या स्वतःच्या भाषेत किती वर गेली असती. इथे त्याची अर्धी शक्ती पुढचा शब्द नीट उच्चारण्यात जाते.

शिवाय शवपेटीतून मशीनगन निघते ती फक्त इटालियन दिग्दर्शक कोर्बुचीच्या १९६६च्या 'जँगो'ची आठवण म्हणून. तिथे फ्रँको नीरो ती पेटी चिखलातून ओढत आणतो आणि तिचं ओझं आपल्यालाही जाणवतं. इथे ते ओझं कुठाय?

तिसरी घंटा
तुम्ही कोणती आवृत्ती पाहिलीत? परदेशात दाखवलेली वीसेक मिनिटांनी छोटी आहे.

आणि हेइकेंचा म्होरक्या कियोमोरी आठवा. तो शेक्सपिअरचं 'हेन्री सहावा' वाचतो, त्यातलं लाल आणि पांढऱ्या गुलाबांचं युद्ध त्याला आपलंच वाटतं आणि मग तो सगळ्यांना सांगतो, मला हेन्री म्हणा. परक्याच्या इतिहासात स्वतःला शोधणारा हा माणूस जपानीत बोलला असता तर ते वेड इतकं उघडं पडलं असतं?

जुना प्रोजेक्टर
लांबलचक जपानीच पाहिलीय. हेन्रीचा प्रसंग चांगला आहे, हे कबूल. पण एका पात्राच्या वेडासाठी सगळ्या गावाने का तोतरं व्हायचं?

कोकणकडा
माझा आक्षेप 'परत आणतो' या शब्दांना आहे. कुरोसावा स्वतः अमेरिकन वेस्टर्न करणाऱ्या जॉन फोर्डचा चाहता. 'योजिम्बो'त अमेरिकन लेखक हॅमेटच्या 'रेड हार्वेस्ट' (१९२९) या कादंबरीची छायाही अनेकांना दिसते. मग मूळ मालक कोण ठरवायचा?

जपानी वेस्टर्न बघायचाच तर ली सांग-इलचा २०१३चा 'युरुसारेझारू मोनो' बघा. ईस्टवुडच्या 'अनफरगिव्हन'चा रीमेक, पण घडतो मेइजी काळातल्या (१८६८ नंतरच्या) होक्काइदोत, म्हणजे जपानच्या उत्तरेकडच्या बेटावर. केन वातानाबे हा तोकुगावांच्या, म्हणजे आधीच्या सत्ताधाऱ्यांच्या, बाजूने लढलेला, आता हरलेला सामुराई. नवं सरकार उत्तरेत वसाहती वाढवतंय आणि तिथले मूळ रहिवासी आयनू लोक चिरडले जातायत. तिथली जमीन कुणाकडून तरी हिसकावलेली आहे, हे त्यात दिसतं. मीकेच्या गावाला असा इतिहासच नाही, तो नुसता सेट आहे.

तिसरी घंटा
सेट आहेच. सुरुवातीलाच मागे रंगवलेला फुजी दिसतो, मीके काही लपवत नाही. ली सांग-इलचा सिनेमा मलाही आवडतो, पण त्याची नाळ अमेरिकन वेस्टर्नशी आहे. स्पॅगेटी वेस्टर्नचा, म्हणजे त्या इटालियन वेस्टर्नचा, अमेरिकाच मुळी स्पेनमधल्या आल्मेरियात उभा केलेला होता.

रानजाई
रुरिकोचं नावही कुणी काढलं नाही, याचं वाईट वाटलं. काओरी मोमोईची ही आजी निघते एकेकाळची दंतकथा झालेली बंदूकबाज. कोर्बुची-लिओनेंच्या सिनेमात बायका बहुतेक सोडवायच्या नाहीतर सूड घ्यायला कारण म्हणून असायच्या. मोमोई बंदूक उचलते तेव्हा सिनेमा तिचा होतो, आणि तिचं इंग्रजी मला कुठेही अडलं नाही. शिझुका या दुसऱ्या स्त्री-पात्राच्या बाबतीत मात्र मीकेने निराश केलं. तिच्यावरचा अत्याचार कॅमेरा गरजेपेक्षा फार जास्त वेळ पाहत राहतो.

जुना प्रोजेक्टर
शिझुकाबद्दल पूर्ण सहमत.

शेवटी साबुरो किताजिमा 'जँगो'चं ते जुनं गाणं जपानीत, एन्का या जपानी भावगीतांच्या ढंगात गातो ते ऐकलंत ना? चाल मूळ संगीतकार बाकालोव्हची, आवाज अस्सल जपानी. सबंध सिनेमात मला हलवलं ते तिथेच, कारण तिथे कुणीतरी स्वतःच्या भाषेत मोकळं झालं.

तिसरी घंटा
दोन तास ती भाषा रोखून धरली, म्हणूनच तुम्ही तिथे हललात. पहिल्या प्रसंगापासून सगळे जपानी बोलले असते तर ते गाणं तुम्ही श्रेयनामावलीबरोबर सोडून उठला असतात.