गोड न खाताही गरोदरपणात साखर का वाढते?

कुतूहल :
२६व्या आठवड्यातली ७५ ग्रॅम ग्लुकोजची तपासणी: उपाशीपोटी ९६, तासाने १७१, दोन तासांनी १४८. पहिल्या तिमाहीत उपाशीपोटी ८४ होती. वजन बेताचं, गोड जवळपास बंद. एकच आकडा जरा वर आहे, तरी याला मधुमेह म्हणायचं का? आणि झाला कशाने?

निरंजना :
म्हणायचं. मर्यादा ९२, १८० आणि १५३. तिन्हींपैकी एक जरी गाठली तरी निदान होतं.

कारण वारेत (प्लॅसेंटा, गर्भाशयात बाळाला पोसणारा अवयव) आहे. वार वाढते तशी तिची संप्रेरकं (प्लॅसेंटल लॅक्टोजेन, वाढीचं संप्रेरक, जोडीला प्रोजेस्टेरॉन, कॉर्टिसॉल) आईच्या स्नायूंवरचा इन्सुलिनचा असर कमी करतात. हा बिघाड नव्हे. आईने साखर कमी उचलली की बाळाला पुरते. शेवटच्या तिमाहीपर्यंत इन्सुलिनचा असर साधारण निम्म्यावर येतो आणि बहुतेकींचं स्वादुपिंड दुप्पट-तिप्पट इन्सुलिन काढून तूट भरतं. ज्यांच्या इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींची शिल्लक मुळात कमी, त्यांची साखर चढते. घरात मधुमेह, पीसीओएस (अंडाशयाचा संप्रेरकांशी जोडलेला विकार), वाढतं वय, आधीचं बाळ चार किलोंवर असेल तर शक्यता जास्त. पण यातलं काहीच नसतानाही होतो. गोड खाणं हे मूळ कारण नाही.

नमुना_नळी :
'लॅबची चूक असेल' हा पहिला संशय असतो, म्हणून सांगतो: नमुना तपासायला उशीर झाला तर रक्तपेशी साखर खातात आणि आकडा घटतो, वाढत नाही. उपास आठ तासांपेक्षा कमी झाला असेल तर मात्र ९६ वर विश्वास ठेवू नका. ग्लुकोज पिऊन उलटी झाली तर तपासणी पुन्हा करावी लागते. एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त होऊ नका. गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, ते फसवं कमी येतं.

कुतूहल :
मग रात्रीचं जेवण टाळलं तर सकाळचा आकडा उतरेल?

निरंजना :
अजिबात टाळू नका. सकाळची साखर रात्रभर यकृत तयार करतं. त्याला आवरायला इन्सुलिन कमी पडतंय, दोष ताटाचा नाही. उपाशी राहिलात तर वर कीटोन (चरबी जळून तयार होणारे पदार्थ) वाढतील. घरी ग्लुकोमीटरवर उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवण सुरू केल्यापासून तासाने १४० च्या आत हवी. जेवणानंतर चालल्याने दुसरा आकडा चांगला उतरतो, पहिला हट्टी असतो. आहार पाळूनही आठवडा-दोन आठवडे तो ९५ च्या वरच राहिला, तर डॉक्टर बहुधा झोपताना इन्सुलिन देतात. ते वार ओलांडून बाळापर्यंत जात नाही, साखर जाते.