घरच्या रेकॉर्डिंगला हेडफोन: क्लोज्ड का ओपन? आणि हे ८० ओहम, २५० ओहम काय प्रकरण आहे?

अर्धवट_गवई

नमस्कार मंडळी. झोपायच्या खोलीतच गाणं आणि अकूस्टिक गिटार रेकॉर्ड करतो, दोन चॅनलचा इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमधे नेणारी डबी), एक कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा) आणि लॅपटॉप एवढाच संसार. स्पीकर नाहीत, आणि वेळ मिळतो तो रात्रीच, त्यामुळे घेतले तरी वाजवता येणार नाहीत. इतके दिवस मोबाइलच्या इअरफोनवर भागवलं. मध्यंतरी मित्राचे ओपन बॅक, म्हणजे मागून उघडे, हेडफोन आणले, ऐकायला इतके मोकळे वाटले की म्हटलं बास, हेच घ्यायचे. पण ते घालून गायलेला टेक नंतर ऐकला तर दोन ओळींच्या मधे जिथे मी श्वास घेतोय तिथे मेट्रोनोमची टिकटिक चक्क ऐकू येतेय. ईक्यू (पट्ट्या कमी-जास्त करणारा) लावून बघितला, गेट (हळू आवाज बंद करणारं) लावून बघितलं, गेट लावलं की श्वासपण कापला जातो आणि गाणारा माणूस मधेच मेल्यासारखा वाटतो.

तर प्रश्न असा की एकाच जोडीत रेकॉर्डिंग आणि मिक्सिंग (नंतर सगळे ट्रॅक जुळवणं) दोन्ही होईल का, कारण दोन जोड्या घ्यायची आत्ता तयारी नाही. दुसरं म्हणजे एकच मॉडेल ३२, ८० आणि २५० ओहममधे मिळतं, त्यातलं कुठलं घ्यायचं? एक जण म्हणाला जास्त ओहम म्हणजे जास्त चांगलं. आणि घरात एक ब्लूटूथ नॉइज कॅन्सलिंग हेडफोन पडून आहे, तो चालला तर प्रश्नच मिटला.

खुंटीपिळ्या

शेवटापासून सुरू करतो कारण ते सोपं आहे. ब्लूटूथ नाही. म्हणजे नाहीच. साध्या ब्लूटूथला आवाज कानापर्यंत पोचायला दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज लागतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो, म्हणजे २०० मिलिसेकंद उशीर म्हणजे तुमचा साथीदार जवळजवळ ७० मीटर लांब उभा राहून गिटार वाजवतोय आणि तुम्ही इकडून गाताय. जमेल का? त्यात नॉइज कॅन्सलिंगवाल्यात आत एक प्रोसेसर बसलेला असतो, तो आवाजाला स्वतःच्या मनासारखा रंग देतो. प्रवासात वापरा.

आता मुख्य मुद्दा. तुमची टिकटिक ही मिक्सिंगची भानगडच नाही, ती माइकने ऐकलेली आहे. ओपन बॅकच्या कपाला मागून जाळी असते, जेवढा आवाज कानात जातो जवळपास तेवढाच बाहेरही पडतो, आणि कंडेन्सर माइक तोंडापासून वीतभर अंतरावर बसलेला. त्याने टिकटिक ऐकली नाही तरच नवल. म्हणून गाताना क्लोज्ड बॅक, म्हणजे मागून बंद कपाचा, यात दुमत नाही. हे सगळे त्यातलेच. सोनीचा एमडीआर-७५०६ हा १९९१ पासून ब्रॉडकास्ट आणि स्टुडिओत दिसतो, ६३ ओहम, कुठल्याही इंटरफेसवर चालतो, वायर मात्र निघत नाही आणि ती स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. ऑडिओ टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा, वायर काढता येते पण कपात जाणारा जॅक लॉक होणारा २.५ मिलिमीटरचा आहे, त्यामुळे घरात पडलेली कुठलीही वायर त्याला लागत नाही. सेनहायझरचा एचडी २८० प्रो ६४ ओहम, डोकं चांगलंच दाबतो पण त्यामुळेच गळती कमी. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो तासन्‌तास घालायला सगळ्यात सुखाचा (हे माझ्या डोक्याचं मत, तुमचं डोकं वेगळं), वरच्या पट्टीत जरा चकचकीत आहे, स आणि श टोचतात.

चष्मा आहे का? हे कोणी विचारत नाही. चष्म्याची काडी पॅडखाली गेली की फट पडते, फटीतून बेस निसटतो आणि टिकटिकही. पॅड जुने होऊन चपटे झाले तरी तेच होतं. पॅड नाही बदलले तर दोन वर्षांनी तुम्ही वेगळाच हेडफोन ऐकत असता आणि तुम्हाला पत्ताही नसतो.

रात्रपाळी

ओहमचं मी सांगतो. जास्त ओहम म्हणजे जास्त चांगलं हे डोक्यातून काढून टाका, ओहम म्हणजे त्या हेडफोनला चालवायला कशा प्रकारचा धक्का लागतो एवढंच. १ मिलिवॉट पॉवर द्यायची तर ३२ ओहमच्या हेडफोनला साधारण ०.१८ व्होल्ट पुरतात आणि २५० ओहमवाल्याला अर्धा व्होल्ट लागतो. म्हणजे बाकी सगळं सारखं धरलं तर एकाच जागी नॉब ठेवून २५० ओहमवाला सुमारे ९ डेसिबलने हळू वाजेल. ज्या इंटरफेसला पॉवर यूएसबीच्या वायरीतूनच येते त्यातल्या बऱ्याच जणांचा हेडफोनचा अॅम्प यथातथाच असतो, नॉब शेवटपर्यंत फिरवून पण ढोलकासमोर बसलेल्या माणसाला काही ऐकू येत नाही. उलट फार कमी ओहमच्या हेडफोनला करंट जास्त लागतो, आणि इंटरफेसच्या हेडफोन आउटपुटचा स्वतःचा इम्पीडन्स (अडथळा, तोही ओहममधेच मोजतात) मोठा असेल तर बेसचं गणित बदलतं. लोक म्हणतात हेडफोनचे ओहम आउटपुटच्या निदान आठपट असावेत, म्हणजे आउटपुट १० ओहमचा असेल तर ८० पासून पुढे. म्हणून ८० हा बऱ्याच जणांचा तोडगा आहे. पण नुसते ओहम बघू नका, सेन्सिटिव्हिटीही (ठरावीक धक्क्याला तो किती मोठा वाजतो) बघा, आणि तो आकडा मिलिवॉटवर दिलाय का व्होल्टवर ते नीट वाचा, दोन वेगवेगळ्या पद्धतीचे आकडे शेजारी ठेवून तुलना केली की हमखास फसगत.

तुम्हाला ८०. मोबाइलला लावायचा असेल तर ३२. पुढेमागे वेगळा अॅम्प घेणार असाल तरच २५०.

कानफाट्या

वरच्या दोघांशी सहमत पण एक गोष्ट खटकते. ‘मिक्सिंग ओपनवरच करायचं’ हा मंत्र कोणीतरी म्हणणारच आहे, त्याआधी मीच बोलतो. सेनहायझरचा ओपन बॅक एचडी ६०० सुंदर आहे, १९९७ पासून आहे, ३०० ओहमचा आहे, मधला भाग, म्हणजे जिथे गळा आणि गिटार राहतात, तो भाग त्याच्याइतका सरळ सांगणारे थोडे. पण खालचा बेस त्याच्यात ढळतो, ओपन बॅकचं ते दुखणंच आहे, आणि ३०० ओहम तुमच्या इंटरफेसला झेपेल का हा आणखी एक प्रश्न. यांनी एकच जोडी घ्यायची ठरवलीय, रात्री गातात, माइक उघडा. मग क्लोज्ड घ्या आणि त्याच्यावरच मिक्स करा, काही बिघडत नाही. बिघडतं कुठे, तर हेडफोन न ओळखता मिक्स करता तिथे. तुम्हाला तोंडपाठ असलेली दहा-पंधरा गाणी घ्या, चांगल्या दर्जाच्या फाइल, आणि महिनाभर रोज त्याच हेडफोनवर ऐका. बेस किती ऐकू येतो, ‘स’ किती टोचतो, रीव्हर्ब (आवाजाची घुमी) कुठे बसतो हे डोक्यात बसू द्या. मग स्वतःचं मिक्स त्यांच्या शेजारी लावा, आवाजाची पातळी समान करून, नाहीतर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो.

खुंटीपिळ्या

कानफाट्याशी भांडायला आवडलं असतं पण या वेळी बरोबर बोलतोय. फक्त एक भर. स्पीकरवर ऐकताना डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानालाही पोचतो, पाव मिलिसेकंद उशिरा आणि थोडा मंद होऊन. हेडफोनवर तसं होत नाही, डावं ते डावं, उजवं ते उजवं. त्यामुळे मिक्समधे पूर्ण एका बाजूला ढकललेली गिटार हेडफोनवर कानात कोणी बोट घातल्यासारखी वाटते आणि खोलीत स्पीकरवर तीच ठीक वाटते. रीव्हर्बचं उलटं, हेडफोनवर बारीकसा रीव्हर्बही स्वच्छ दिसतो म्हणून माणूस कमी घालतो आणि बाहेर गाणं कोरडं पडतं. क्रॉसफीड नावाचं प्लगिन असतं, एका कानाचं थोडं दुसऱ्यात मिसळतं, मिक्स तपासताना लावायचं आणि फाइल काढताना आठवणीने बंद करायचं. मी एकदा विसरलोय. त्याबद्दल जास्त बोलणार नाही.

अर्धवट_गवई

बरंच कळलं, आभार. अजून एक विचारू का, गाताना मला एक कान उघडा ठेवायची सवय आहे, दोन्ही झाकले की स्वतःचा आवाज डब्यात गायल्यासारखा येतो आणि सूर वर-खाली होतो. हा माझा दोष का हेडफोनचा?

रात्रपाळी

कोणाचाच नाही. कान बंद केला की हाडांतून येणारा आपलाच आवाज, विशेषतः खालचा भाग, फुगून ऐकू येतो, बोट घालून गुणगुणून बघा. त्यात हेडफोनमधून येणारा तुमचा आवाज संगणकातून फिरून येत असेल तर उशीर होतो. ४४.१ किलोहर्ट्झवर बफर (संगणक एका वेळी साठवतो तेवढे आवाजाचे नमुने) ५१२ ठेवलात तर नुसते बफरचेच जवळपास १२ मिलिसेकंद, जाताना वेगळे येताना वेगळे. १२८ वर तेच ३ च्या आत येतात. आणि गंमत म्हणजे थोडासाच उशीर जास्त त्रास देतो, हाडांतला आवाज आणि ५ मिलिसेकंद मागून येणारा आवाज एकमेकांना काही फ्रिक्वेन्सीवर खातात, म्हणून गळा पोकळ वाटतो. इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरचं (माइकचा आवाज संगणकात न फिरवता थेट हेडफोनला देणारं) बटन असेल तर ते दाबा आणि सॉफ्टवेअरमधला त्या ट्रॅकचा आवाज म्यूट करा, नाहीतर दोनदा ऐकू येईल.

एक कान उघडा ठेवायचा तर ठेवा, पण तो मोकळा कप हवेत ठेवू नका, तिथूनच टिकटिक माइकवर जाते. कानामागे डोक्याला चिकटवा, नाहीतर क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, एकाच बाजूला वळवा (पॅन करा), झाकलेल्या कानाच्या.

बोटंसोलली

मी गिटारवाला, माझं एवढंच की क्लिकचा आवाज बदला! बहुतेक सॉफ्टवेअरमधे जो मूळ क्लिक असतो तो टोकदार असतो आणि तोच पॅडमधून बाहेर पडतो. त्याऐवजी शेकर किंवा मऊ लाकडी ठोका ठेवा, आणि गाण्याच्या शेवटी जिथे तार विरत जाते तिथे क्लिक बंदच करा. शेवटची तार झंकारतेय आणि मागे टिक टिक टिक, असले माझे किती टेक वाया गेलेत ते मोजलेलं नाही.

आणि आवाज कमी ठेवा हो. आपण गाताना वाढवत जातो, वाढवत जातो आणि तासाभराने कान बधिर. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ९१ ला दोनच तास. आवाज कमी झाला की गळतीही कमी, एका दगडात दोन पक्षी.

अर्धवट_गवई

तीन आठवडे झाले म्हणून कळवतो. शेवटी क्लोज्डच घेतला, ८० ओहमचा, नॉब निम्म्यावरच पुरतो. घ्यायच्या आधी मित्राकडचे दोन मागून आणून एक साधी चाचणी केली, माइक नेहमीच्या जागी, गेन नेहमीचा, हेडफोन डोक्यावर, क्लिक चालू आणि मी तोंड मिटून अर्धा मिनिट गप्प. मग ते रेकॉर्डिंग वाढवून ऐकलं. आधीच्या ओपनमधे प्रत्येक ठोका मोजता येत होता, क्लोज्डमधे कान देऊन ऐकलं तरच, आणि चष्मा काढला तर जवळपास काहीच नाही. चष्म्याचा फरक बघून मी स्वतःच चाट पडलो. आता गाताना चष्मा काढतो आणि गाण्याचे शब्द मोठ्या अक्षरात छापून घेतलेत.

डायरेक्ट मॉनिटर आणि मऊ क्लिक दोन्ही लावलं, सूर बराच जागेवर आला. मिक्सिंगचं अजून चाचपडतोय, कानफाट्यांनी सांगितलेली गाणी ऐकण्याची शिक्षा चालू आहे, त्यात कळलं की मी गिटारचा बेस नेहमी जास्तच ठेवत होतो कारण इअरफोनमधे तो कमी यायचा.

टिकटिक गेल्यावर आता नवीनच आवाज ऐकू येतोय, प्रत्येक टेकमधे. खुर्ची करकरते.

खुंटीपिळ्या

उभं राहून गा.