घरी सर्व्हिसिंग म्हणजे जिवाशी खेळ? काहीही!

नटबोल्ट
परवा इथे एकाने ठोकून दिलं: "चार पैसे वाचवायला गाडीखाली लोळणारे लोक स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या जिवाशी खेळतात. ज्याचं काम त्यानेच करावं." डोकं सणकलं. तिथे दोन ओळींत भागणार नव्हतं, म्हणून हा वेगळा धागा.

केबिन फिल्टर, म्हणजे गाडीत आत येणारी हवा गाळणारा, कधी हाताने काढलाय का? बहुतेक गाड्यांत तो ग्लव्ह बॉक्सच्या मागे असतो. कप्प्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो खाली लोंबतो. मागचं झाकण काढा, जुना ओढा, नवा बाणाची दिशा बघून सरकवा. पानासुद्धा लागत नाही. यात कोणाचा जीव जातो? एअर फिल्टर, वायपरचं रबर, बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेली पांढरी भुकटी, प्रत्येकाची मजुरी बिलात वेगळ्या ओळीत येते. ऑइल घरी बदललं तर गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं ग्रेडच इंजिनात जातं, गॅरेजच्या पिंपातलं "चालतंय हो" नाही.

एकदा सर्व्हिसिंगला देण्याआधी एअर फिल्टरच्या कडेला पेनने टिंब करून ठेवलं होतं. बिलात नवा फिल्टर, आत माझं टिंब. "ज्याचं काम त्याने करावं" म्हणे. करतोय कुठे तो?

सरळमार्गी
ते लिहिणारा मीच. फिल्टरचा विषय मी काढलाच नव्हता, तो तुम्ही सोयीने आणलात. मी गाडीखाली जाण्याबद्दल बोललो. आमच्या शेजाऱ्याने स्टेपनी बदलायच्या जॅकवर गाडी उचलली आणि खाली शिरला. पाना विसरला म्हणून बाहेर आला, तेवढ्यात जॅक कलला आणि गाडी खाली बसली. पाना आधीच हातात असता तर? तो जॅक चाक बदलण्यापुरता असतो, हेही तुमच्या त्या पुस्तकात लिहिलेलं असतं.

तेलकट हात
शेजाऱ्याने मूर्खपणा केला म्हणून आम्ही सगळे मूर्ख का? सपाट पक्की जमीन, हँडब्रेक, चाकांना ठोकळे, गाडी जॅकवर नाही तर खाली लावायच्या भक्कम स्टँडवर, आणि खाली जाण्याआधी एक दणकून हिसका देऊन बघायचं. पुढचं काम पोरखेळ आहे. इंजिन कोमट असताना ऑइल काढा, नव्या ऑइल फिल्टरच्या रबराला ऑइलचं बोट लावा, रबर टेकल्यावर पाऊण फेरा हाताने. ड्रेन प्लग, म्हणजे ऑइल काढायचं खालचं बूच, आवळा, झालं. हल्ली आवळायचा जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याचे चोचले निघालेत, त्याची काही गरज नाही.

मोजूनमापून
चोचले?? प्लग पोलादाचा, तो बसतो तो ऑइलचा चेंबर बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियमचा. जोर काढलात तर आटे कोणाचे जाणार? बऱ्याच गाड्यांत प्लग आवळायच्या जोराचा आकडा ३०-४० न्यूटन-मीटरच्या घरात असतो, म्हणजे लोकांना वाटतं त्यापेक्षा खूप कमी. आमच्या भावाने गाडी घेतली ती आधीच्या मालकाच्या "अंदाजाने" आवळलेली. प्लग सुटताना आटे घेऊनच बाहेर आला.

तेलकट हात
हाताला कळतं. ज्याच्या हाताला कळत नाही त्याने आकडे वाचावेत. आणि तुमचा तो क्लिक करणारा पाना काम झाल्यावर आकडा खाली न उतरवता तसाच ड्रॉवरमध्ये पडला, की आतली स्प्रिंग दाबलेली राहते आणि मग तोच खोटं बोलतो.

मोजूनमापून
स्प्रिंगचं खरं आहे. नाइलाजाने मान्य. पण मुळात लोक जोर का काढतात? जुनाच वॉशर परत लावतात. तो एकदा दबलेला असतो, पाझरतो, मग अजून आवळ, अजून आवळ. नवा वॉशर घातला तर जोराची गरजच पडत नाही.

तेलकट हात
वॉशर नवाच घालतो हो. मला काय शिकवताय?

नटबोल्ट
धागा सर्व्हिसिंगचा आहे. प्लगसाठी वेगळा काढा.

शंकेखोर
काढलेलं जुनं ऑइल कुठे ओतता? कोणीच बोलत नाहीये. गटारात ना? आमच्या गल्लीत एक महाभाग तेच करतो, मग पावसात रस्ताभर इंद्रधनुष्य.

नटबोल्ट
नव्या ऑइलच्या रिकाम्या कॅनमध्ये भरायचं, कूलंट त्यात मिसळायचं नाही, आणि जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडे द्यायचं. हातमोजे घालायचे, ते कातडीला वाईट. तुमच्या गल्लीचा राग आमच्यावर नको.

सरळमार्गी
बरं, फिल्टर आणि ऑइल तुमचं. घ्या. वॉरंटीत असाल तर निदान पावत्या आणि किलोमीटर लिहून ठेवा, नंतर रडू नका. ब्रेकला मात्र हात लावू नका. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढतं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, ओलावा मुरला की हीच हमी १५५ वर येते. बदलताना नळीत हवा राहिली तर पेडल थेट तळाला. ऑइल प्लगमधून गळलं तर जमिनीवर डाग दिसतो. हवेचा बुडबुडा पहिल्या उतारावर दिसतो.

नटबोल्ट
ब्रेकचं मीही बाहेरच करून घेतो. पण तुमचं मूळ वाक्य ब्रेकपुरतं नव्हतं, सरसकट होतं.

सरळमार्गी
असेल. रागात लिहिलं होतं.

मोजूनमापून
@तेलकट हात, एकच विचारतो. चाकाचे नटपण अंदाजानेच का?

तेलकट हात
नाही. ते मोजून. टायरवाले नट आवळायच्या गनने मारतात, मग रस्त्यात पंक्चर झालं की पान्यावर उभं राहिलं तरी नट हलत नाही. म्हणून घरी आलो की सैल करून परत आकड्यावर लावतो.

मोजूनमापून
म्हणजे टॉर्क पाना आहे तुमच्याकडे!

तेलकट हात
आहे की. नाही कधी म्हणालो?