रात्रभराचे टेलिथॉन : बघायचे कसे, आकडा वाचायचा कसा, टेप करायचे कसे

अमेरिकेत विनोदी अभिनेते जेरी लुईस यांचा मस्क्युलर डिस्ट्रॉफी असोसिएशन या स्नायूंच्या आजारांवर काम करणाऱ्या संस्थेसाठीचा टेलिथॉन, म्हणजे देणग्या गोळा करायचा टीव्हीवरचा लांबलचक कार्यक्रम, १९६६ ते २०१० या काळात दर लेबर डेला (सप्टेंबरचा पहिला सोमवार) लागायचा. तो तेव्हा कसा बघायचे, कसा टेप करायचे, ज्यांना यातलं कळतं त्यांनी कामाचं तेवढं लिहा. आठवणींचे कढ नकोत.

*

कार्यक्रम अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेनुसार रविवारी रात्री ९ ते सोमवारी संध्याकाळी ६.३०, म्हणजे साडेएकवीस तास. सगळं बघायच्या भानगडीत पडायचं नाही. अधूनमधून स्थानिक स्टेशन आपला स्टुडिओ दाखवायचं : टेबलांची रांग, फोन घेणारे स्वयंसेवक. जेवण, आंघोळ त्यात उरकायची. शेवटचा अर्धा तास मात्र चुकवायचा नाही. अंतिम आकडा आणि लुईस यांचं निरोपाचं गाणं तेव्हाच.

*

फलकावरचा जमलेल्या देणगीचा आकडा फक्त फोनवरचा समजू नका. अग्निशमन दलाचे जवान रस्त्यावर बूट पुढे करून, दुकानं गल्ल्यावर कागदी शॅमरॉक (तीन पानांचं चिन्ह) विकून आधीच पैसे जमवायची. त्यांचे धनादेश कार्यक्रमात दिले जायचे, म्हणून आकडा मध्येच टुणकन उडी मारायचा. फोनवर कबूल केलेली रक्कम वेगळी, ती नंतर यायची. लुईस 'टिंपनी!' म्हणून ओरडले की ढोल घुमायचा आणि आकडे फिरायचे. १९६६ ला १०,०२,११४ डॉलर झाले तेव्हा फलकावर सातव्या आकड्याला जागाच नव्हती. सुरुवातीचा '१' हाताने रंगवावा लागला. २००८ चा आकडा ६,५०,३१,३९३ डॉलर.

*

टेपचं गणित : टी-१२० व्हीएचएस कॅसेट ईपी या सगळ्यात संथ वेगावर ६ तास चालते, म्हणजे चार लागायच्या. बदलायच्या वेळा रात्री ३, सकाळी ९, दुपारी ३. टायमर रेकॉर्डिंग सुरू करतो, कॅसेट बदलत नाही, त्यामुळे अडीचचा गजर लावायचा आणि स्थानिक भाग लागला की बदलायची. ईपीत टेपवरचा चित्राचा पट्टा (ट्रॅक) एसपी या नेहमीच्या वेगाच्या एक-तृतीयांश रुंद असतो. दुसऱ्या व्हीसीआरवर लावली की चित्राच्या खाली-वर पट्टे येतात. ट्रॅकिंगची कळ हळूहळू फिरवा. झाल्यावर पाठीमागची प्लास्टिकची खुंटी मोडा, नाहीतर कुणीतरी त्यावर क्रिकेट चढवतं.

*

भर : टी-१६० मिळाली तर आठ तास, तीनच कॅसेट. आणि टेप भारतात पाठवणार असाल तर, तिकडचा व्हीसीआर फक्त पाल (भारतातली टीव्ही पद्धत) असेल तर एनटीएससी (अमेरिकेतली पद्धत) टेपचं चित्र नीट येत नाही. पाठवण्याआधी विचारा.

*

फक्त पैशाकडे बघू नका. १९८१ ला अपंगांच्या हक्कांचे पुरस्कर्ते इव्हान केम्प यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये लिहिलं की अशा कार्यक्रमांतून अपंगांबद्दल कीव पसरते. निवेदक रुग्णाशी बोलतो की रुग्णाबद्दल, हे लक्ष ठेवून बघा. दोन तासांत कळतं.

*

२०११ ला कार्यक्रम सहा तासांवर आला. एकच टी-१२० पुरली असती, पण तोवर व्हीसीआर माळ्यावर गेले होते.