मोठ्या खंडानंतर केळी उत्पादकांच्या गटात कसे परतावे?

प्रश्न – यावलचा बागायतदार

केळी उत्पादकांच्या एका व्हॉट्सॲप गटात रोगांविषयी कोणी विचारले की मी उत्तर देत असे. आषाढात वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला, त्यांना आधी जळगावला आणि नंतर नाशिकला न्यावे लागले, आणि त्या धावपळीत कोणाला काही कळवण्याइतकीही सवड मिळाली नाही. आता माघ लागला आहे. वडील काठी टेकत ओट्यापर्यंत येतात, त्यामुळे मलाही उसंत मिळाली आहे. गट उघडला, तर माझ्या नावाने विचारलेले प्रश्न साचलेले दिसले. मधूनमधून ‘दादा, कोठे आहात?’ अशी विचारणा होती, पुढे तीही थांबली. दरम्यान एक तरुण सभासद उत्तरे देऊ लागला आहे. जुन्या प्रश्नांना आता उत्तरे द्यावीत का, आणि घरचे सारे सांगणे आवश्यक आहे का?

उत्तर – रावेरहून

सगळी उत्तरे देत बसू नका. हंगाम पाहून निवड करा. श्रावणात ज्याने मृगबागेतील, म्हणजे जून-जुलैत लावलेल्या केळीतील, कुकुंबर मोझॅक विषाणूविषयी विचारले असेल, त्याने रोगट झाडे एव्हाना उपटून गाडली असतील किंवा नुकसान सोसले असेल. त्याला आज उपाय सांगणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे होय. मात्र तोच शेतकरी येत्या जूनमध्ये पुन्हा लागवड करणार असेल, तर बागेत किंवा शेजारी काकडीवर्गीय वेल, टोमॅटो, मिरची घेऊ नये आणि बांधावरचे तण काढावे, कारण मावा ही कीड तेथूनच विषाणू घेऊन येते, हे त्याला आताच सांगितले पाहिजे. पावसाळ्यातील करप्याचे, म्हणजे पानांवरच्या बुरशीजन्य रोगाचे, प्रश्न सोडून द्या. चरक्याचे, म्हणजे थंडीने पाने करपण्याचे, प्रश्न मात्र कांदेबागवाल्यांसाठी, म्हणजे ऑक्टोबरच्या सुमारास केळी लावणाऱ्यांसाठी, अजून ताजे आहेत. घरच्या आजारपणाचा पाढा वाचण्याची गरज मला वाटत नाही. शेतकऱ्याच्या घरी काय काय येते, हे गटाला ठाऊक आहे.

उत्तर – अमळनेरची ताई

रावेरच्या भाऊंच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. जो माणूस रोज बोलत असे तो एकाएकी गप्प झाला, की लोकांच्या मनात नाही नाही ते येते. ‘वडिलांच्या आजारपणामुळे येऊ शकलो नाही, आता ते बरे आहेत’ एवढे एक वाक्य गटात लिहावे, आणि ज्यांनी पुन्हा पुन्हा चौकशी केली त्यांना स्वतंत्र निरोप पाठवावा. फोन केला तर अधिक बरे. बाकी, आपल्या खानदेशात श्रावणात कानबाईच्या उत्सवाला, म्हणजे रोटांना, सुरतेहून भाऊबंद येतात, तेव्हा मागच्या वर्षी का आला नाहीत याचा जाब कोणी मागत नाही, पंगतीत जागा करून देतात. गटही तसाच वागेल. खरा नाजूक प्रश्न त्या तरुणाचा आहे. तुम्ही येताच सगळे पुन्हा तुम्हालाच विचारू लागतील आणि तो मागे सरेल. म्हणून काही दिवस त्याच्या उत्तरांखाली भर घाला, वेगळे उत्तर देऊ नका.

प्रश्नकर्ता

ताई, भर घालणे मला पटले, पण एक अडचण आहे. चरका दिसला की सगळी पिवळी पाने काढून टाका, असे तो सांगतो आहे. पान अर्धे हिरवे असले तरी ते घडाला अन्न पुरवते. निसवलेल्या, म्हणजे घड बाहेर पडलेल्या, झाडाची इतकी पाने काढली, तर घड भरणार नाही. तेथे भर कशी घालणार?

उत्तर – रावेरहून

ते थांबवावेच लागेल, पण गटात नको. आजच त्याला फोन करा, कारण समजावून सांगा आणि दुरुस्ती त्यालाच लिहू द्या. त्याखाली तुम्ही थंडीपासून बाग वाचवण्यासाठी रात्री द्यायच्या पाण्याविषयी आणि शेकोट्यांविषयी लिहा.