मदत हवी आहे: नवीन मॉनिटरवर अक्षरं पुसट, नक्की कोणतं रिझोल्यूशन ठेवू?

रात्रपाळी
नवीन मॉनिटर लावलाय. चित्रं, व्हिडिओ झकास दिसतात, पण अक्षरं पुसट. चष्मा पुसून झाला, पडदा पुसून झाला. यादीतली सगळी रिझोल्यूशनं लावून पाहिली. १६००×९०० ला आणखी वाईट, १२८०×१०२४ ला गोल आयकॉन अंड्यासारखे आडवे. सध्या १९२०×१०८० वर आहे. जुन्या मॉनिटरवर असं कधी झालं नव्हतं. फक्त आकडा सांगा, उद्या सकाळी काम द्यायचंय. 'गूगल करा' म्हणणाऱ्यांनी कृपया पुढच्या धाग्यावर जावं.

उंटावरचा
४के (३८४०×२१६०) घ्या. विषय संपला.

काटकोन
मॉनिटर किती इंची? मॉडेल? केबल कोणती? ऑपरेटिंग सिस्टम? एवढं कळल्याशिवाय आकडा सांगणं म्हणजे पत्रिका न बघता मुहूर्त काढणं.

जुनाजाणता
आमच्या काचेच्या, पाठीला कुबड असलेल्या मॉनिटरवर कुठलंही रिझोल्यूशन लावा, चित्र गुळगुळीत. १०२४×७६८ ला ८५ हर्ट्झ ठेवलं की डोळ्याला गार वाटायचं. तुम्हीही आधी रिफ्रेश रेट ८५ करून बघा. निम्मा त्रास तिथेच असतो.

काटकोन
जुनाजाणता, ते खरं, पण ते त्या नळीचं. तिथे इलेक्ट्रॉनचा झोत पडदा पुन्हा पुन्हा रंगवायचा, म्हणून ६० ला लुकलुक जाणवायची. आणि झोताला ठरीव चौकटींचं बंधन नव्हतं, म्हणून सगळी रिझोल्यूशनं चालून जायची. सपाट पॅनलवर पिक्सेल कारखान्यातच मोजून बसवलेले असतात. तो आकडा सोडून दुसरा दिलात की मॉनिटर मधले पिक्सेल अंदाजाने भरतो. आणि एलसीडीवर चित्र पुढच्या फेरीपर्यंत टिकून राहतं, त्यामुळे ८५ ने अक्षरं काही धारदार होणार नाहीत.

मौनीबाबा
दर २० मिनिटांनी २० फुटांवरच्या वस्तूकडे २० सेकंद बघा. मी दोन वर्षं करतोय. फरक आहे.

रात्रपाळी
२७ इंची. विंडोजचा लॅपटॉप. केबल एचडीएमआय, नवीन. १९२०×१०८० च्या पुढे 'रिकमेंडेड' लिहूनच येतंय, मग तेच बरोबर असणार ना? डोळे ठीक आहेत. फोनवर बारीक अक्षरं नीट दिसतात.

उंटावरचा
२७ इंचाला १०८०! इंचाला जेमतेम ८२ पिक्सेल पडतात. पुसट नाही तर काय दिसणार भाऊ? म्हणून पहिल्याच फटक्यात ४के म्हणालो.

रात्रपाळी
भाऊ नाही, ताई. आणि नवीन घेतलेला मॉनिटर बदलून दुसरा नवीन घ्या, याला मदत म्हणत नाहीत.

काटकोन
उंटावरचा, ८२ पिक्सेलला अक्षर जाडंभरडं दिसेल, पायऱ्या दिसतील, पण पुसट नाही दिसणार. दाणेदार वेगळं आणि धूसर वेगळं.
ताई, एक करा. पांढऱ्या पानावर काळ्या रंगात ओळभर 'ग ग ग ग' टाइप करा आणि फोनच्या कॅमेऱ्याने अगदी जवळून बघा. 'ग'चा उभा दंड कसा दिसतो ते लिहा.

पेंग्विनप्रेमी
लिनक्समध्ये हे दोन मिनिटांचं काम आहे. 'सीव्हीटी'ने मोडलाइन काढायची, 'एक्सरॅन्डर'ला न्यूमोड, मग अ‍ॅडमोड, मग आउटपुट. झालं.

रात्रपाळी
पेंग्विनप्रेमी, वर विंडोज लिहिलंय.
काटकोन, बघितलं. पहिल्या 'ग'चा दंड काळा आणि उजवीकडे राखाडी पट्टी. दुसऱ्याला दोन्हीकडे राखाडी. तिसरा बरा. चौथा परत पहिल्यासारखा. एकच अक्षर तीन तऱ्हांनी! हे काय प्रकरण?

काटकोन
मग ते पॅनल १०८० चं नाही. असतं तर संगणकाचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर बसला असता आणि फार तर दोन अक्षरांत बारीकसा फरक दिसला असता, असा राखाडी शेवाळ नसता. माझा अंदाज, तुमचं पॅनल २५६०×१४४० चं आहे. १९२० चे २५६० करायचे म्हणजे तीन घोंगड्या चार जणांत वाटणं. कुणाला पूर्ण, कुणाला अर्धी. मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर शोधून माहितीपत्रकात 'नेटिव्ह रिझोल्यूशन' बघा. १२८०×१०२४ ला गोल आडवा पसरतो, कारण ते ५:४ चं माप आहे आणि तुमचा पडदा १६:९.

सतरंजी
विंडोजचं क्लिअरटाइप चालवून बघा हो, अक्षरांच्या कडा नीट करणारं. माझ्याकडे त्यानेच सुटलं.

काटकोन
नेटिव्ह लागल्यावर जरूर चालवा. आधी चालवणं म्हणजे वाकड्या भिंतीला रंग देणं.

रात्रपाळी
बरोबर निघालं! माहितीपत्रकात २५६०×१४४०. पण यादीत तो आकडाच नाही. १९२०×१०८० च्या वर काही नाही. ग्राफिक्सचा ड्रायव्हर नवीन टाकला, दोनदा रीस्टार्ट केलं. यादी तीच. आता बोला.

उंटावरचा
लॅपटॉप जुना असेल. मशीन बदला. ;-) (हलकेच घ्या)

पेंग्विनप्रेमी
मोडलाइनने जबरदस्ती करता आली असती.

काटकोन
लॅपटॉपची एचडीएमआय फारच जुनी असेल तर १९२०×१२०० ला अडते, तेही शक्य आहे. पण आधी सांगा, लॅपटॉप आणि मॉनिटर यांच्यामध्ये काही आहे का? अडॅप्टर, डॉक, स्प्लिटर, काहीही?

रात्रपाळी
काही नाही. फक्त तो डबा.

काटकोन
कोणता डबा??

रात्रपाळी
बटणाचा. एक बटण दाबलं की माझा लॅपटॉप, दुसरं दाबलं की ऑफिसचा. कीबोर्ड-माउसही त्यालाच. चार-पाच वर्षं झाली, कधी तक्रार नाही. तो तर सगळ्यांकडेच असतो ना, म्हणून लिहिला नाही.

सतरंजी
=)) =))

काटकोन
सापडला. मॉनिटर स्वतःची कुंडली संगणकाला पाठवत असतो. मी अमुक आकाराचा, मला अमुक रिझोल्यूशनं चालतात, त्यातलं हे माझं खरं. तिला ईडीआयडी म्हणतात. जुने केव्हीएम डबे, म्हणजे तुमच्यासारखे बटणाचे, बऱ्याचदा ही कुंडली पुढे जाऊ देत नाहीत आणि स्वतःचीच पुढे करतात, त्यात १०८० च्या वर काही नसतं. विंडोजला जे सांगितलं तेच त्याने 'रिकमेंडेड' म्हणून दाखवलं. ती शिफारस मॉनिटरची नव्हती, डब्याची होती. तुमचा जुना मॉनिटर १०८० चाच असणार, म्हणून कधी कळलं नाही. डबा काढून केबल सरळ जोडा.

नाममात्र
थोडं अवांतर, माझ्या टीव्हीला लॅपटॉप जोडला की खालची पट्टी अर्धी कापली जाते. रिझोल्यूशन बरोबर आहे. काय करू?

रात्रपाळी
डबा काढला. २५६०×१४४० आपोआप आलं, रिकमेंडेडसकट. 'ग'चे दंड आता सगळे सारखे! पण अक्षरं केवढी बारीक झाली. म्हणूनच मी आधीच्या मॉनिटरवर रिझोल्यूशन कमी करून वापरायचे. इथेही तसंच करू का?

काटकोन
अजिबात नको! एवढं सगळं त्यासाठीच केलं का? रिझोल्यूशनला हात लावू नका. त्याच पानावर 'स्केल' आहे, ते १२५ टक्के करा. रिझोल्यूशन कमी केलं की तयार चित्रच ताणलं जातं. स्केल वाढवलं की अक्षर मोठ्या मापात नव्याने आखलं जातं, कडा धारदार राहतात. १२५ ला तुम्हाला मावणारी जागा २०४८×११५२ इतकी होईल, म्हणजे आधीच्या १०८० पेक्षा थोडी जास्तच.

उंटावरचा
बघा, शेवटी स्केलवरच आलात. तेच करायचं तर २७ इंचात ४के आणि १५० टक्के का नाही? जागा २५६०×१४४० इतकीच, पण इंचाला १६३ पिक्सेल. छापील पुस्तकासारखं अक्षर.

काटकोन
अक्षराबद्दल शंभर टक्के मान्य. पण जुनी एचडीएमआय १.४ असेल तर ४के फक्त ३० हर्ट्झला मिळतं आणि माउस चिखलातून ओढल्यासारखा चालतो. २५६०×१४४० त्याच एचडीएमआयवर ६० ला निघतं. ताईंनी मॉनिटर घेऊन झालाय. आता दुसऱ्याचं लग्न कशाला लावताय?

जुनाजाणता
आमच्या वेळी डबा म्हणजे खुद्द मॉनिटरच होता.

रात्रपाळी
१२५ लावलं. ब्राउझर, मेल, सगळं छान. फक्त एक जुनं हिशेबाचं सॉफ्टवेअर आहे, तेवढंच धूसर. बाकी पडदा काचेसारखा आणि मधे ही एकच खिडकी धुक्यातली.

काटकोन
ते स्केल कळण्याच्या आधीच्या जमान्यातलं असणार, म्हणून विंडोज त्याचं चित्र ताणून मोठं करतंय. त्याच्या आयकॉनवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, कम्पॅटिबिलिटी, 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. तिथे सर्वांत खाली ओव्हरराइडची खूण करा आणि 'सिस्टम (एन्हान्स्ड)' निवडा. सॉफ्टवेअर बंद करून उघडा. त्याने नाहीच जमलं तर 'अ‍ॅप्लिकेशन' निवडा. मग अक्षर स्वच्छ येईल, पण बारीक.

सतरंजी
आणि ऑफिसच्या लॅपटॉपचं काय? डबा तर गेला.

काटकोन
मॉनिटरला दुसरं इनपुट असेलच, बहुधा डिस्प्लेपोर्ट. ऑफिसचा तिथे लावा आणि मॉनिटरच्या बटणाने इनपुट बदला. डबा हवाच असेल तर फक्त कीबोर्ड-माउससाठी ठेवा, चित्राची केबल त्याच्यातून नेऊ नका.

रात्रपाळी
एन्हान्स्डने झालं! दुसऱ्या इनपुटचं उद्या बघते. ऑफिसच्या लॅपटॉपला एकच भोक आहे आणि तेही वेगळ्याच आकाराचं. डबा सध्या मॉनिटरच्या पायाखाली उंची वाढवायला ठेवलाय. काटकोन, खूप आभार. आता काम संपवते.

नाममात्र
माझ्या टीव्हीचं राहिलं.

काटकोन
टीव्हीच्या चित्राच्या सेटिंगमध्ये 'स्क्रीन फिट' किंवा 'जस्ट स्कॅन' असं काही असेल, ते चालू करा. तो कडा मुद्दाम कापतो, जुन्या प्रसारणाची सवय. आणि पुढच्या वेळी वेगळा धागा काढा हो.