अनुभव धागा: तुमच्याकडे खरंच कधी उघडलं?

ऑक्टोबर २०२० संपत आला. कोरोनाचं लॉकडाऊन महाराष्ट्रात टप्प्याटप्प्याने उघडतंय. सरकारी तारखा आता सगळ्यांना तोंडपाठ झाल्यात. ३ जूनला सकाळी फिरायला परवानगी, ५ जूनपासून दुकानं, तीही रस्त्याची एक बाजू आज आणि समोरची उद्या, ८ जूनला खाजगी ऑफिसं १० टक्के माणसांवर, या महिन्याच्या ५ तारखेला हॉटेलं. पण मला विचारायचंय ते वेगळं. तुमच्या घरात, तुमच्या कामात खरंच कधी उघडलं? तो एक दिवस सांगा. अजून उघडलं नसेल तर तेही लिहा.

मी सुरुवात करतो. मी पुण्यात, आई एकटी कराडला. जिल्ह्याबाहेर जायला लागणारा ई-पास दोनदा मागितला, दोन्ही वेळा नामंजूर, कारण आई आजारी नव्हती, नुसती एकटी होती. २ सप्टेंबरपासून पासची अट गेली आणि मी पहाटे चारला कात्रज ओलांडला. पोचलो तर आईनं अंगणातच गरम पाण्याची बादली काढून ठेवलेली, तारेवर धुतलेला टॉवेल, म्हणाली आधी आंघोळ कर, मग पाया पड. पाच महिने फोनवर ऐकलेला आवाज समोर पदर तोंडाला लावून बोलत होता आणि आम्ही दोघंही चार हात लांब उभे, ती पुढे येईना, मी पुढे जाईना.

डोंबिवली, अकाउंट्सला नोकरी

ऑफिस फोर्टला. जूनमध्येच बोलावलं, पण लोकल नाही. म्हणजे ऑफिस उघडलं आणि वाट बंदच. १५ जूनला लोकल सुरू झाली ती अत्यावश्यक सेवेवाल्यांसाठी, आम्ही खाजगीवाले पहाटे साडेपाचला एसटीच्या रांगेत उभे, पुढे शिळफाट्याला गाडी अडकली की बसून राहायचं, जायला तीन तास यायला तीन तास, घरी आल्यावर मुलगी झोपलेली. २१ ऑक्टोबरपासून आम्हा बायकांना लोकलने जाता येतंय, ११ ते ३ आणि संध्याकाळी ७ नंतर. माझं ऑफिस साडेनऊचं, त्यामुळे जाताना अजून बसच, येताना मात्र ट्रेन. पहिल्या दिवशी चक्क विंडो सीट मिळाली. आयुष्यात सीएसटीवरून अशी बसून आले नव्हते पण गंमत वाटली नाही हो. आमचा अकरा जणींचा ग्रुप, गवार मोडत, मेथी निवडत कल्याणपर्यंत गप्पा चालायच्या. सगळ्यात मोठ्या ताई मे महिन्यात रिटायर झाल्या. त्यांचा निरोप समारंभ डब्यातच करायचा ठरलेला, साडीचे पैसे मार्चमध्ये जमा केले होते. ते पाकीट अजून माझ्या पर्समध्ये आहे.

नाशिकरोड, सलून

२८ जून. फक्त कटिंग, दाढी नाही, त्वचेला हात लागेल असं काहीच करायचं नव्हतं. तीन महिने शटर बंद आणि भाडं चालू, दोन्ही कारागीर गावी निघून गेलेले, त्यामुळे एकटाच. सकाळी शटर वर केलं तर बाहेर बँकेतून रिटायर झालेले काका उभे, केस कॉलरच्या खाली आलेले. कागदी एप्रन, एकदा वापरून टाकायचा नॅपकिन, प्रत्येक गिऱ्हाइकानंतर खुर्ची पुसायची, कात्री-कंगवा लिक्विडमध्ये, हे सगळं जमतं. जमत नव्हतं ते मास्कचं. दोरी बरोबर कानामागे आणि बारीक काम तिथंच असतं. मग काकांनी एका कानाची दोरी काढून मास्क तोंडाशी हाताने धरला, मी तेवढी बाजू केली, मग हात बदलून दुसरी बाजू. तेव्हापासून सगळ्यांना तसंच बसवतो. मागे आरसा धरून दाखवलं तर काका मानेवरून हात फिरवत किती वेळ बसून राहिले. मीही घाई केली नाही.

श्रीवर्धन

धाग्यात ३ जून वाचलं आणि पुढचं वाचवेना. तुम्हाला फिरायला परवानगी मिळाली त्याच दुपारी आमच्यावर निसर्ग चक्रीवादळ आलं. आजोबांनी लावलेली सुपारीची वाडी, पोफळी मधूनच काडकन मोडत होत्या, एक मोडली की शेजारच्या दोन घेऊन पडायची, माड मुळासकट आडवे. छपराचे पत्रे कुणाच्या परसात गेले ते दुसऱ्या दिवशी शोधत फिरलो. शाळेच्या एका वर्गात आम्ही सहा घरं, तिथं सुरक्षित अंतर कसं पाळणार? महिनाभर लाईट नव्हती, रेंज नव्हती, मुंबईच्या भावाला आम्ही जिवंत आहोत हे चौथ्या दिवशी कळलं. पोफळ लावली की फळ धरायला सहा-सात वर्षं जातात. जुलैत पावसात रोपं लावलीत, तीनशे. उघडणं म्हणाल तर आमच्यासाठी तेच.

लक्ष्मी रोड, साड्यांचं दुकान

थोडक्यात लिहिते. लग्नाला ५० माणसं, म्हणजे बस्ताही तेवढाच. पूर्वी मानपानाच्याच तीस-चाळीस साड्या निघायच्या, सगळं घर गादीवर मांडी घालून बसायचं, चहा व्हायचा, रुसवे व्हायचे. आता नवरीची आई एकटी येते, व्हिडिओ कॉलवर पदर दाखवते, पाच साड्या घेते आणि जाते. जुलैत पुण्यात परत दहा दिवस बंद झालं तेव्हा तर वाटलं आता संपलंच. पण नवरीचा शालू मात्र कुणी कमी करत नाही, तो चांगलाच लागतो.

एसटी, कंडक्टर

२० ऑगस्टला जिल्ह्याबाहेर गाडी सुटली. ४४ सीट, २२ माणसं घ्यायची, पहिल्या फेरीला नऊच आले. एक आजी होती, मांडीवर डबा घट्ट धरलेला, पोरीच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू. बाळ अडीच महिन्यांचं झालं होतं. मी तिकीट फाडून दिलं तर म्हणाली, बाबा, गाडी पोचंल ना खरंच?

(धागाकर्ता: सगळ्यांचं वाचतोय. श्रीवर्धन, रोपांचं पुढेही कळवत रहा.)

सदाशिव पेठ, खानावळ

माझं अजून उघडलेलं नाही. हॉटेलांना परवानगी मिळाली, पण माझी मुलं कुठंयत? सगळी एमपीएससीवाली, परीक्षा पुढे पुढे जातायत, खोल्या सोडून गावी गेली, काहींच्या गाद्या नि पुस्तकांची खोकी माझ्या माळ्यावर आहेत. मार्चपर्यंत ६० डबे होते, आता सात. मोठा तवा उतरवून ठेवलाय, घरचा लहान वापरते. काल रात्री लातूरहून एकाचा फोन, काकू, मेस चालू आहे का? हो म्हणाले. पोळ्यांच्या बाई अजून परतल्या नाहीत, तो आला की मीच लाटीन.